मानवी तस्करीविषयी कार्यकर्त्यांना काय शिकवावे?

प्रश्न: आमच्या अभ्यासिकेतील चौदा वर्षांच्या मुलीचे आधारकार्ड ‘सुरतला काम लावून देतो’ म्हणणाऱ्या दूरच्या नातेवाइकाने नेले, तेव्हा नेमके काय करावे हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. प्रशिक्षणात कशावर भर द्यावा?

उत्तर १: अशा वेळी १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे. सुटका झालेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) हजर करावे लागते. लैंगिक शोषणाचा संशय असल्यास २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे.

उत्तर २: कलमे पाठ होतात; ऐकणे जमत नाही. आमच्याकडे (मीही त्यात होते) एका मुलीला तिघींनी तीच हकीकत विचारली आणि ती गप्पच झाली. म्हणून प्रसंग घडवून सराव घ्यावा, आणि नातेवाइकाला परस्पर जाब विचारू नये, कारण तो सावध होतो.