स्टीलच्या डब्यात बसवलेला टॅग रीडर टॅग वाचत नाही

प्रश्न:
माझ्या आईची नजर मधुमेहामुळे अधू झाली आहे आणि औषधांवरची बारीक अक्षरे तिला वाचता येत नाहीत. म्हणून मी घरातल्या स्टीलच्या डब्यात आरसी५२२ मॉड्यूल (जवळ आलेला टॅग वाचणारे छोटे सर्किट) आणि ते चालवणारा अर्डुइनो युनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड बसवले. औषधांवर १३.५६ मेगाहर्ट्‌झचे स्टिकर टॅग (आत ओळख-क्रमांकाची चिप असलेले) लावले असून औषध झाकणावर ठेवले की त्याचे नाव माझ्या आवाजात ऐकू यावे, अशी योजना आहे. टेबलावर उघडे ठेवलेले मॉड्यूल तीन सेंटीमीटरवरून टॅग वाचते. झाकणाखाली बसवले की टॅग झाकणाला टेकवला तरी काहीच वाचत नाही. मोठा अँटेना लावून उपयोग होईल का?

पहिले उत्तर:
होणार नाही. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला वीज मिळते. मध्ये स्टीलचा पत्रा आला की त्यात उलट प्रवाह निर्माण होऊन ते क्षेत्र पलीकडे पोहोचतच नाही, शिवाय अँटेनाचा जुळवलेला सूरही बिघडतो. फेराइट या चुंबकीय पदार्थाचा पातळ पत्रा अँटेनाच्या मागे धातू असेल तेव्हा कामी येतो, पुढे असेल तेव्हा नाही. त्यामुळे झाकण लाकडाचे किंवा प्लास्टिकचे करणे हाच उपाय आहे. गोळ्यांच्या पाकिटांवरही हेच संकट आहे, कारण त्यांच्या मागे ॲल्युमिनियमचा वर्ख असतो. तिथे टॅग थेट न चिकटवता पुठ्ठ्याची पट्टी दोऱ्याने बांधून तिच्यावर लावावा.

दुसरे उत्तर:
वरील उत्तराशी सहमत आहे. आरसी५२२ला ३.३ व्होल्टच द्यावेत. युनोच्या ५ व्होल्टच्या पिनला ते जोडू नये. मात्र मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. टॅग बाटलीच्या टोपणावर लावू नका, कारण टोपणांची अदलाबदल होते आणि मग यंत्र चुकीच्या औषधाचे नाव अगदी स्पष्ट आवाजात सांगेल. तसेच अनोळखी टॅग आला तर यंत्राने गप्प न बसता ‘ओळख पटली नाही’ असे म्हणावे, म्हणजे आईंना आधीच्याच औषधाचे नाव खरे वाटणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:
दोघांचेही मनापासून आभार. घरात एक जुना सागवानी पाट होता. तो खालून कोरून वर चारेक मिलिमीटर लाकूड ठेवले आणि मॉड्यूल तिथे बसवले. पाटाच्या कडेच्या पितळी फुल्यांजवळ टॅग वाचला जात नव्हता, म्हणून मॉड्यूल अगदी मधोमध सरकवले आणि ती जागा बोटांना कळावी यासाठी वर सुतळीचे कडे चिकटवले. टॅग आता बाटल्यांच्या अंगावर आहेत. काल रात्री आईने चाचपडत कडे शोधले, बाटली त्यात ठेवली आणि नाव ऐकून मला हाक न मारता गोळी घेतली.