मोठं झालेलं मांजर दत्तक घेतलंय? तुमचे अनुभव लिहा

पिल्लू आणलं तर काय करायचं हे सगळे सांगतात. पण चार-सहा-दहा वर्षांचं मांजर, जे आधी दुसऱ्याच्या घरी वाढलंय किंवा आश्रयगृहात राहिलंय, ते घरी आणल्यावर पहिले काही महिने कसे जातात हे फार कमी लिहिलं जातं. बरेच लोक "हे रुळणार नाही" म्हणून घाईघाईत परत देतात आणि त्या जीवाला तिसऱ्यांदा घर बदलावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. काय केलं, काय उपयोगी पडलं, तब्येतीचं काय बघितलं, जे आठवेल ते सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. आमची मनी आली तेव्हा पाच वर्षांची होती, आधीच्या घरची माणसं परदेशी गेली म्हणून आमच्याकडे आली. तिला सगळं घर एकदम मोकळं करून दिलं नाही, एकच शांत खोली दिली, एका कोपऱ्यात लिटर बॉक्स (शी-शूसाठी वाळूची पेटी), खाणं-पाणी त्यापासून शक्य तितकं लांब, आणि लपायला एक पुठ्ठ्याचा खोका आडवा टाकून ठेवला. ती त्यातच बसून असायची, खायची ती रात्री सगळे झोपल्यावर. तिला ओढून बाहेर काढायचं नाही हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मी रोज संध्याकाळी खोलीत जमिनीवर बसून वाचायचे, तिच्याकडे टक लावून बघायचे नाही, नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटून उघडायचे. हे नुसतं ऐकीव नाही, २०२० साली ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासून दाखवलंय की असं केलं की मांजरं पण डोळे बारीक करून प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाजवळ यायला जास्त तयार असतात. सर्वसाधारणपणे तीन दिवस बिचकलेलं, तीन आठवड्यांत घराची सवय, तीन महिन्यांत हे घर आपलं, असा ढोबळ हिशेब सांगतात. मनीला याहून बराच जास्त वेळ लागला, आणि लागू दे की, तिला कुठे जायचंय.

*

छान धागा. मी फक्त खाण्याबद्दल लिहितो कारण त्याचं महत्त्व लोकांना कळत नाही असं मला वाटतं.

आमचा बोका चांगलाच जाडजूड होता. नवीन घरी आल्यावर त्याने तोंडच लावलं नाही कशाला. नातेवाईक म्हणायला लागले भूक लागली की खाईल आपोआप. मांजराच्या बाबतीत हे अजिबात धरून चालू नका. मांजर, त्यातही जाड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, मग कावीळ होते, आणि वेळेत उपचार नाही झाले तर जीव जातो. आम्ही दुसऱ्या दिवशीच व्हेटकडे नेला, त्यांनी भूक वाढवायचं औषध दिलं आणि सांगितलं की आधीच्या घरी जे खात होता तेच द्या, ओलं खाणं थोडं कोमट करून द्या म्हणजे वास सुटतो. वास सुटला आणि गडी खायला लागला.

खाणं बदलायचंच असेल तर आठवडा-दहा दिवस घ्या, रोज जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत जा, नाहीतर जुलाब होतात. आणि घरात कुत्रा आहे म्हणून कुत्र्याचंच खाणं मांजराला चालवू नका. मांजराला टॉरिन नावाचा अन्नघटक खाण्यातून मिळावाच लागतो, त्याच्या कमतरतेने हृदय कमजोर होतं हे १९८७ सालीच सिद्ध झालंय, म्हणून मांजराच्या खाण्यात तो मुद्दाम घालतात.

*

आमचीला घरी आणल्यावर शिंका आणि एका डोळ्यातून पाणी. बऱ्याच मांजरांच्या अंगात हर्पीसचा विषाणू लहानपणापासून दबून असतो आणि घर बदललं, ताण आला की तो डोकं वर काढतो असं व्हेट म्हणाल्या. तो माणसांना लागत नाही. डोळ्यात थेंब आणि शांतता एवढ्यावर बरी झाली. पण डोळा बारीक करून बसली असेल किंवा खाणं सुटलं असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

*

ज्यांच्याकडे बोका आहे त्यांनी हे नक्की वाचा.

आमचा राजा सहा वर्षांचा असताना आला, नसबंदी झालेला, अगदी गरीब स्वभावाचा. महिनाभरात चांगला रुळला होता आणि मग एका संध्याकाळी तो सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसायला लागला, जोर करायचा, बाहेर यायचा, परत जायचा, मधेच विचित्र आवाजात ओरडायचा, खालची जागा चाटत बसायचा. घरात सगळ्यांना वाटलं बद्धकोष्ठ असेल, सकाळी बघू. माझ्या बहिणीने फोनवर एकच प्रश्न विचारला, शू केलेली दिसतेय का? वाळू कोरडी होती. तशीच गाडी काढली आणि रात्रीच दवाखाना गाठला. मूत्रमार्ग बंद झाला होता, मूत्राशय दगडासारखं टणक. बोक्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गुठळी अडकली की शू तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं, एक-दोन दिवसांचाच खेळ असतो हा. भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं, काही दिवस तिथेच ठेवलं. वाचला. आजही त्याला लिटर बॉक्समध्ये वाळू उकरताना ऐकलं की मी उठून बघते आणि शूचा ओला गोळा दिसला की बरं वाटतं.

नंतर आम्ही काय बदललं ते सांगते. मुख्य खाणं ओलं केलं. पाण्याची भांडी वाढवली, पसरट घेतली, खाण्यापासून लांब ठेवली. आणि ताण कमी केला, कारण नुसत्या ताणानेही मूत्राशयाला सूज येते आणि नवीन घर हाच मांजरासाठी मोठा ताण असतो. म्हणून नवीन मांजर रोज किती वेळा शू करतंय, गोळे केवढे आहेत, यावर लक्ष ठेवा. बोका जोर करतोय आणि शू होत नाहीये तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते मांजर घरी यायच्या आधीच शोधून ठेवा.

*

वरचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, राजा वाचला हे वाचून खूप आनंद झाला.

आमच्याकडे आधीची एक मांजरी होती आणि दुसरी मोठी मांजरी आणली. मधलं दार बंद. आधी फक्त वासांची ओळख, म्हणजे हिचं पांघरूण तिच्या खोलीत, तिचं हिच्या. मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, रोज ताटल्या थोड्या थोड्या दाराजवळ सरकवत. दारापाशी निवांत जेवायला लागल्या तेव्हा दारात जाळी लावून एकमेकींना दिसू दिलं. फिस्कारल्या, फिस्कारू देत, ती त्यांची "लांब राहा" सांगायची पद्धत आहे, त्यावर ओरडायचं नाही. कान मागे चिकटवून, अंग ताठ करून एकटक बघणं सुरू झालं की मात्र मधे पुठ्ठा धरायचा, हात घालायचा नाही. लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघींना तीन, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी, एका रांगेत ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा होते. आजही त्या काही गळ्यात गळे घालत नाहीत, पण एकाच पलंगावर दोन टोकांना झोपतात आणि मला त्यात पूर्ण समाधान आहे.

*

एक विचारायचं होतं. माझी वहिनी गरोदर आहे आणि घरचे म्हणतायत नुकतीच आणलेली मांजर परत द्या. खरंच द्यावी लागते का?

*

नाही, परत देऊ नका. टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून पसरणारा, पोटातल्या बाळाला धोक्याचा परजीवी) भीती असते, पण शीमधून बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस तरी लागतो, त्यामुळे लिटर रोज साफ करा आणि ते काम वहिनींनी न करता दुसऱ्या कुणीतरी करा. मांजराला कच्चं मांस देऊ नका आणि उंदीर मारायला बाहेर सोडू नका. माणसांना तो संसर्ग बऱ्याचदा कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मांसातून किंवा मातीतून होतो, तेव्हा बागकाम करताना हातमोजे घाला. वहिनींच्या डॉक्टरांशीही एकदा बोलून घ्या.

*

मी आश्रयगृहात मदत करते, म्हणून तपासण्यांचं लिहिते. मोठं मांजर आणलं की पहिल्या आठवड्यातच व्हेटकडून दात, कान, जंत, पिसवा बघून घ्या, लसीची नोंद नसेल तर लस झालेलीच नाही असं धरून परत सुरुवात करतात. एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) आणि ल्युकेमिया (हाही मांजरांतला विषाणूच) यांची रक्ततपासणी नक्की करा, घरात दुसरं मांजर असेल तर ती होईपर्यंत दोघं वेगळी ठेवा, आणि व्हेट महिन्या-दोन महिन्यांनी परत करायला सांगतील तर तीही करा. एफआयव्ही निघालं म्हणून मांजर नाकारू नका! तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, माणसांना होत नाही, आणि अशी कितीतरी मांजरं वर्षानुवर्षं चांगली जगतात.

घरातल्या तीन गोष्टी आजच बघा. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. कुत्र्याच्या पिसवांच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजराला लावायचं नाही, नुकतंच लावलेल्या कुत्र्याला बिलगूनही झोपू द्यायचं नाही. आणि लिलीची फुलं घरात नकोत, नुसता पराग अंगाला लागून चाटला गेला तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

*

आमच्या आजी अकरा वर्षांच्या असताना आल्या (मांजरीचं नावच आजी आहे). एवढं म्हातारं कशाला आणता असं बऱ्याच जणांनी विचारलं. तिच्याइतकी समजूतदार मांजर मी आजवर बघितली नाही, पहिल्याच रात्री पायाशी येऊन झोपली.

म्हाताऱ्या मांजरांचं दुखणं दिसत नाही, ती लपवतात. आजी पलंगावर उडी मारायची बंद झाली तेव्हा घरात सगळे म्हणाले वय झालं, व्हेट म्हणाले सांधे दुखतायत. २००२ सालच्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्सरे बघितले होते, त्यात नव्वदांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. आता तिला पलंगाजवळ पायरी केलीये, लिटर बॉक्स कमी उंचीच्या काठाचा आहे, आणि औषध चालू आहे. दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासतो. पाणी आणि शू दोन्ही वाढलं तर मूत्रपिंडं किंवा मधुमेह, भरपूर खाऊनही बारीक होत चालली तर थायरॉईड, यातलं काहीही लवकर सापडलं तर पुष्कळ करता येतं.

वजन घरीच करा. आधी एकट्याने काट्यावर उभं राहायचं, मग मांजर घेऊन, वजाबाकी करायची आणि वहीत लिहायचं. काटा पुरेसा अचूक नसेल तर बाळांचा काटा घ्या, कारण चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम कमी होणं म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि हाताला ते कळतही नाही.