कुत्र्याचं पिल्लू घरात आहे, कोणती सक्युलंट (पाणी साठवणारी मांसल झाडं) हलवू?

गच्चीबाग
चार महिन्यांचं पिल्लू आहे, दिसेल ते चावतं. खिडकीत कोरफड, जेड, कलांचो, पानफुटी, स्नेक प्लांट आणि हॉवर्थिया आहेत. काय काढून टाकावं आणि काय वर टांगलं तर चालेल? पान खाल्लंच तर मीठ-पाणी पाजून उलटी करवावी का?

हिरवा_कोपरा
कलांचो आणि पानफुटी आजच हलवा. दोघी सख्ख्या बहिणी, आणि तुमच्या यादीत सगळ्यात घातक त्याच. त्यांच्यातली बुफाडायनोलाइड द्रव्यं हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप अडवतात. आधी लाळ, उलट्या, जुलाब. जास्त पोटात गेलं तर नाडी मंदावते किंवा अडखळते. फुलांत विष सर्वाधिक, आणि ती वाळली तरी जात नाही. पानफुटी टांगून उपयोग नाही, कारण पान गळून पडेल तिथे त्याच्या कडेला नवी रोपं फुटतात. शेजारच्या कुंड्याही तपासा.

कोरफडीत त्रास मुख्यतः सालीलगतच्या पिवळ्या चिकाचा: जुलाब, सुस्ती, कधी लालसर लघवी. स्नेक प्लांटमधल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे लाळ आणि उलट्या होतात. सहसा जिवावर बेतत नाही, तरी तोंड पोचेल तिथे नको.

जेड नीट ओळखा. जाड खोडाचं, तीन ते सात सेंटीमीटरच्या मांसल पानांचं क्रासुला खाल्लं तर उलट्या होतात, चाल डगमगते. लालसर-तपकिरी फांद्या आणि जेमतेम दीड सेंटीमीटरची पानं असलेलं पोर्चुलकारिया जेड म्हणूनच विकलं जातं, पण ते बिनविषारी मानतात.

पशुवैद्यक_सहायक
मीठ-पाणी अजिबात नको! रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, म्हणजे झाडापेक्षा उपायच महाग पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही डॉक्टरांनी मात्रा सांगितल्याशिवाय पाजू नका. शेराचं झाड किंवा दुसरा चिकाचा युफोर्बिया खाल्ला असेल, तर उलटीबरोबर तोच दाहक चीक पुन्हा घशातून येतो.

आधी तोंडातले तुकडे बोटाने काढा. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा. किती पानं गेली ते मोजा, वेळ लिहून ठेवा, उरलेली फांदी पिशवीत घेऊन निघा. कलांचो असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. लवकर पोचलं तर डॉक्टर औषधी कोळसा देऊन विष शरीरात शोषलं जाण्याआधी अडवू शकतात, पुढे ईसीजी लावून हृदयावर नजर ठेवतात. वाटेत मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा आणि आकडा डॉक्टरांना सांगा. ठोक्यांमध्ये मध्येच खंड पडत असेल तर तेही सांगा.

हिरवा_कोपरा
बरोबर. अडेनियम असेल तर तेही याच घाईच्या गटात धरा, त्याचा चीकही हृदयावरच जातो.

मातीचा_माणूस
हॉवर्थिया खुशाल ठेवा, पण ती हॉवर्थियाच आहे ना? बुटक्या कोरफडी तशाच दिसतात. फूल आल्यावर कळतं: हॉवर्थियाचं बारीक, पांढरट, दोन ओठांसारखं, कोरफडीचं बहुधा नळीसारखं, केशरी किंवा पिवळं. बिनविषारीच हवीत तर एचेव्हेरिया आणि गॅस्टेरियाही चालतात.

आणखी एक, कुंडीत हाडांचा चुरा घालू नका. वासाने पिल्लू माती उकरून खातं आणि पोटात त्याचा घट्ट गोळा बसतो.