मदत हवी आहे: आई-बाबांसोबत ग्रनाडा, कोर्दोबा, सेव्हिया

मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन दक्षिण स्पेनला जातोय. ग्रनाडातल्या अलहंब्रा या किल्ला-महालाची तिकिटं झाली. त्याच्या आतल्या नास्रिद महालांची वेळ सकाळी १०ची आहे, तिकिटावर नावं असल्याने पासपोर्ट जवळ ठेवणारच. घोडं अडलंय ते मुक्कामावर. बाबांचे गुडघे दुखतात आणि आईला अल्बायसिनमधलंच, म्हणजे ग्रनाडाच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीतलंच, जुनं घर हवंय! तिथल्या गोट्यांच्या चढ्या गल्ल्यांत चाकांची बॅग ओढायची म्हणजे माझीच वरात. छोट्या बस वर जातात, पण सामानासकट जमतं का? की खाली सपाटीवर राहून फक्त संध्याकाळी वर जावं?

दुसरं, जेवण. दोघं पक्के शाकाहारी, त्यात बाबांना साडेसातला ताट लागतं. तिथे बरीच स्वयंपाकघरं दुपारी चारला बंद होतात, ती रात्री आठ-साडेआठलाच उघडतात. मधल्या वेळेत काय खाऊ घालता? साल्मोरेहोवर (टोमॅटोचं दाट, थंड सूप) हॅम आणि अंडं घालतात हे कळलंय, म्हणून ‘सिन हामोन, सिन उएवो’ घोकतोय. पालक-चण्याची भाजी सेव्हियात नक्की कुठे चांगली मिळते?

आणि कोर्दोबात तेव्हा पातिओंचा, म्हणजे फुलांनी सजवलेल्या घरांच्या अंगणांचा, उत्सव असतो. सेव्हियाहून रेल्वेने पाऊण तास, मग एका दिवसात उरकावं की रात्र काढावी? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा.