इस्राएल-पॅलेस्टाईन: बोलून खरंच काही मिटतं का?

रंकाळ्याचा_कट्टेकरी

आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा गाझावरून जुंपली. एकानं लिहिलं, "एकदाचा निकाल लागू दे. बरोबरीत सोडवलेली कुस्ती बघायला कोण तिकीट काढतंय?" मी एवढंच म्हटलं की शेवटी बसून बोलल्याशिवाय हे मिटायचं नाही. झालं! "आले गांधीबाबा" इथनं सुरुवात झाली आणि रात्री साडेअकराला ॲडमिननं मलाच बाहेर काढलं.

राग नाही आला, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. बोलणी, बोलणी हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. मग मिटलं का नाही? माहीतगारांनी सांगा. शिव्या नकोत, त्या भरपूर मिळाल्यात.

पंचगंगाकाठ

भावा, तुझे ग्रुपवाले अगदीच चुकलेले नाहीत. १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्राएलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनींचे नेते अराफत यांनी हात मिळवले, दोघांमधल्या ओस्लो करारावर सह्या झाल्या. पुढं काय झालं? फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू अतिरेक्यानं नमाज पढणारे २९ जण मारले. मग हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेचे बसमधले आत्मघाती स्फोट. ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिनना त्यांच्याच देशातल्या एका कट्टर ज्यू तरुणानं गोळ्या घातल्या. २००० मध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला दोन्ही बाजू पुन्हा बसल्या आणि हात हलवत परतल्या. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. त्यानंतर गाझात जे झालं ते आपण मोबाईलवर बघितलंच, हजारो पोरं गेली. एवढं झाल्यावर कोण कुणाशी बोलणार?

बांधकरी_वकील

तेहतीस वर्षं कोल्हापुरात वकिली केली, त्यातली शेवटची नऊ वर्षं कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात. माझं काम बांधाचं आणि विहिरीचं. जेरुसलेमवर बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी म्हटलं तर मान्य आहे. तरी सांगतो.

करवीर तालुक्यातलं प्रकरण, गाव सांगत नाही. दोन चुलतभाऊ. सामाईक विहीर, मधला बांध आणि उसाला जायची गाडीवाट. सतरा वर्षं दावा चाललेला, एकदा कोयतेही निघालेले. पहिल्या दिवशी मी दोघांना एका टेबलाशी बसवलं, ही माझी चूक. दहा मिनिटांत ते आजोबांच्या वाटणीवर गेले, तिथनं आजीच्या पाटल्यांवर. दुसऱ्या तारखेला एकाला खोलीत बसवलं, दुसऱ्याला बाहेर लिंबाखाली, आणि मीच कागद घेऊन फेऱ्या मारल्या. चप्पल झिजली, पण विहिरीची पाळी ठरली: चार दिवस मोटर याची, चार दिवस त्याची.

सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कॅम्प डेव्हिडला हेच केलं. इजिप्तचे सादात, इस्राएलचे बेगिन. पाचच वर्षांपूर्वी, १९७३ ला, त्यांची सैन्यं एकमेकांवर तुटून पडलेली. सुरुवातीच्या बैठकांत आवाज इतके चढले, की पुढं दोघांना वेगळं ठेवून अमेरिकी मंडळीच मसुदा घेऊन इकडून तिकडं फिरली. तेरा दिवस, तेवीस मसुदे. शेवटी बेगिन निघायच्या बेतात होते. तेव्हा कार्टर त्यांच्याकडं फोटो घेऊन गेले, बेगिन यांच्या प्रत्येक नातवंडाचं नाव घालून सही केलेले. म्हातारा नावं वाचता वाचता हलला. मार्च १९७९ ला तह झाला, १९८२ पर्यंत इस्राएलच्या ताब्यातलं जवळजवळ सगळं सिनाई इजिप्तला परत मिळालं. सादात यांचा १९८१ मध्ये खून झाला, तरी तह टिकला. त्या दोन देशांत तेव्हापासून युद्ध नाही.

"कोण कुणाशी बोलणार?" अहो, ज्याच्याशी भांडण त्याच्याशीच. शेजारगावच्या पाटलाशी तडजोड करून आपला बांध सरळ होतो काय? पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या माणसाला भेटणं हा इस्राएलच्या कायद्यानं गुन्हा होता. जानेवारी १९९३ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्याच महिन्यात नॉर्वेत गुपचूप बैठका सुरू झाल्या.

ओलिसांचंच बघा. लष्करानं कारवाया करून जिवंत सोडवले ते आठ. बाकी जे जिवंत घरी आले, त्यातले बहुतेक कतार आणि इजिप्तच्या मध्यस्थीनं झालेल्या सौद्यांतून: नोव्हेंबर २०२३, जानेवारी २०२५ आणि ऑक्टोबर २०२५. शेवटच्या खेपेला एका दिवसात वीस. हमासचा कुणाला पुळका आला म्हणून नव्हे, तर पोरं परत हवी होती म्हणून बोलले.

मग ओस्लो का फसला? माझं मत विचाराल तर, अवघड ते सगळं "नंतर बघू" म्हणून. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती (म्हणजे इस्राएलनं व्यापलेल्या वेस्ट बँकेसारख्या भागात वसवलेल्या ज्यू वस्त्या), सीमा हे सगळं पाच वर्षांच्या आत ठरवू म्हणाले. मधल्या काळात वसाहती थांबवायचं स्पष्ट कलम नव्हतं. पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत १९९३ ला लाखभर वसाहतवाले होते, आता पाच लाखांच्या घरात आहेत. जिच्याबद्दल बोलायचं ती जमीनच रोज हातभर सरकत होती.

हे मी ठामपणे लिहितोय, कारण हाच घोटाळा माझ्या हातनं झालाय. त्या चुलतभावांची पाळी ठरली, सह्या झाल्या, पेढे वाटले. गाडीवाट मात्र मी "हंगामाच्या आधी बघू" म्हणून ठेवली, कारण तिचं नाव काढलं की दोघं उठायचे. डिसेंबरात तोड आली. टोळी फडात, ट्रॉली आंब्यापाशी, आणि पुढं रानात आडवा चर मारलेला. एकानं पावसाळ्यातच वाटेवर लावण करून टाकली होती. तुटलेला ऊस तीन दिवस वाळत पडला. वाटेबरोबर विहिरीचा करारही गेला.

आणि तुमच्या कुस्तीवाल्यांना सांगा, निकाली कुस्तीत पडलेला पैलवान उठून आपल्या गावाला जातो. इथं जॉर्डन नदीपासून समुद्रापर्यंत ७० लाखांच्या आसपास ज्यू आणि जवळपास तेवढेच अरब आहेत. आखाडा सोडून जायचं कुणी आणि कुठं?

गांधीनगरवाली

वकीलसाहेबांच्या यादीतला एक शब्द माझ्या घरचा आहे, निर्वासित. आमचं गांधीनगर म्हणजे जुनी वळिवड्याची छावणी. १९४३ ते ४८ तिथं पोलंडची पाचएक हजार माणसं राहिली. महावीर उद्यानातला स्तंभ त्यांचाच. ती गेली आणि फाळणीतनं आलेली आम्ही सिंधी मंडळी त्याच बराकींत शिरलो.

आजोबांना सिंधमधलं घर परत मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. पण त्यांनी "क्लेम" भरला होता: खोल्या किती, अंगण केवढं, दुकान कुठं. मोबदला आला तो घराच्या मानानं किरकोळ. तरी तो कागद ते सणाला बाहेर काढून आम्हाला दाखवायचे. आपलं काय गेलं ते सरकारदरबारी लिहून घेतलंय, याचं त्यांना फार होतं. १९४८ ला सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. त्यांचा क्लेम कुणी मांडून घेतला?

पंचगंगाकाठ

हे मला सुचलं नव्हतं. वकीलसाहेब, एक राहिलंच. वाटेचं पुढं काय झालं?

बांधकरी_वकील

दोन वर्षं परत कोर्ट. मग पुन्हा माझ्याकडंच आले, दुसरीकडं जायला पैसे नव्हते. या खेपेला वाट आधी घेतली, विहिरीचं नावही काढू दिलं नाही. एक आठ फुटांवर अडलेला, दुसऱ्याला दहा हवी. नऊ फूट ठरली आणि त्याच दिवशी दगड पुरले, मी स्वतः टेप धरून उभा होतो. दोघांत अजून बोलणं नाही, लग्नाला एकमेकांकडं जात नाहीत. गेल्या हंगामात ट्रॉली गेली.