हालचाल आणि तिचा स्नायू: तक्ता पाठ न करता कसं लक्षात ठेवावं?

कोरी_पाटी:
फिटनेस ट्रेनरच्या परीक्षेसाठी फ्लेक्शन (सांधा वाकवणं), एक्स्टेन्शन (सरळ करणं), अ‍ॅबडक्शन (हात-पाय बाजूला नेणं) आणि त्यांचे स्नायू असा तक्ता घोकतोय. बायसेप्स कोपर वाकवतो, ट्रायसेप्स सरळ करतो. मग उभं राहून डंबेल सावकाश खाली सोडताना कोपर सरळ होत असूनही बायसेप्सच का भरून येतो? जाणकारांनी सांगावं.

ओळंबा:
तक्ता बाजूला ठेवा. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. दोनच गोष्टी बघायच्या: तो सांध्याच्या कुठल्या अंगाने जातो आणि वजन कुठे ओढतंय. डंबेल खाली यायला गुरुत्वाकर्षण पुरेसं आहे, बायसेप्स लांबत लांबत ब्रेक लावतो. यालाच एक्सेन्ट्रिक काम म्हणतात. ट्रायसेप्सला राबवायचं तर वजन डोक्यामागून वर न्या. स्क्वॉटमध्ये खाली बसतानाही गुडघा मांडीमागचे हॅमस्ट्रिंग वाकवत नाहीत. मांडीपुढचे क्वाड्रिसेप्स उतरण धरून ठेवतात.

सांधेवाडी:
+१. पण खरी फसगत दोन सांधे ओलांडणाऱ्या स्नायूंची. पोटरीतला गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून निघतो, सोलियस खालून. गुडघे ताठ ठेवून टाचा उचला, दोघेही राबतात. बसून, गुडघे ९० अंशांत ठेवून उचला, गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि भार सोलियसवर येतो. पालथं झोपून, मांडी मागे उचलून टाच नितंबाकडे ओढली की हॅमस्ट्रिंगमध्ये पेटका येतो तो याचमुळे: खुबा आणि गुडघा दोन्हीकडून आखडल्यावर ओढायला लांबीच उरत नाही.

ओळंबा:
खांदा राहिला. हात बाजूने १८० अंश वर जातो, त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातले, ६० फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या) फिरण्याचे. म्हणजे नुसतं 'डेल्टॉइड' (खांद्यावरचा स्नायू) लिहिणं अपुरं. हात उचलायला मदत करणारा सुप्रास्पायनेटस आणि फरा फिरवणारे ट्रॅपेझियस व सेराटस अँटीरिअरही लिहा. अंगठा जमिनीकडे ठेवून हात बाजूने वर न्या, मध्येच अडेल. दंडाच्या हाडाचा उंचवटा वरच्या हाडाला टेकतो. अंगठा वर फिरवा, वाट मोकळी. दुखलं तर जोर करू नका.

कोरी_पाटी:
आता उलगडलं! सिट-अपमध्ये पोट किती आणि पाय किती?

सांधेवाडी:
फरे जमिनीवरून सुटेपर्यंत पोटाचा पुढचा स्नायू रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस कणा वाकवतो. पुढचं उठणं खुब्यातलं, ते मुख्यतः खुबा वाकवणाऱ्या इलिओसोआस स्नायूचं. कुणी पाय दाबून धरले तर त्याचा वाटा आणखी वाढतो. पोटासाठी करायचं असेल तर फरे सुटले की थांबा.