कुंडीतला आयरिस: तुमचा पहिला गड्डा कसा लागला?

बाल्कनीत आयरिस लावणारे नवे लोक बहुतेक एकाच जागी अडतात: पानं झक्कास, फूल मात्र नाही. कुठला आयरिस लावला, किती खोल, ऊन किती आणि काय चुकलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझा दाढीवाला, म्हणजे खाली झुकलेल्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो तो. गड्डा आल्यासारखा दिसला म्हणून आल्यासारखाच दोन बोटं खोल पुरला आणि रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांनी एक पात सहज ओढली, तर ती बुडातून सुटून हातात आली. तो घाण वास अजून आठवतो. गड्डा उकरला, गिळगिळीत झालेला भाग चमच्याने खरवडला, आतला पांढरा टणक तुकडा तेवढा ठेवला. दोन दिवस सुकवून पुन्हा लावला, या वेळी मुळं मातीत आणि गड्ड्याची पाठ उघडी, उन्हाकडे. पहिल्या वर्षी नुसती पानं. दुसऱ्या वर्षी पानांच्या पंख्यातून दांडा वर आला.

*

कुंडीखालची ताटली काढून टाका. माझी सगळी मर तिच्यातल्या साचलेल्या पाण्याने झाली होती.

*

ताई, तुमचा नियम डच आयरिसला लावू नका हं! त्याला गड्डा नसतो, छोट्या कांद्यासारखा कंद असतो. तो टोक वर करून साधारण 10 सेंमी खोल जातो. एका कुंडीत मी सात-आठ दाटीने लावते, एकेकटा फार केविलवाणा दिसतो.

*

माझ्याकडे लुईझियाना आयरिस. हा मुळात दलदलीतला. मी ऐकीव माहितीवर कोरडा ठेवला आणि पानांची टोकं करपली. आता वाढीच्या दिवसांत माती ओलीच ठेवतो. आमच्याकडे थंडी फारशी पडत नाही, तरी फुलतो. उंच दाढीवाल्याला मात्र हिवाळ्याचा गारवा लागतो, त्यामुळे आधी आपली हवा बघा, मग गड्डा आणा.

*

मला तीन वर्षं फूल दिसलं नाही. ऊन सहा तासांवर होतं, निचराही चांगला. दोष खताचा निघाला: नायट्रोजन जास्त, म्हणून सगळा जोर पानांत. ते बंद केलं. कुंडीही खचाखच भरली होती, गड्डे एकमेकांवर चढलेले. फुलोऱ्याचा हंगाम सरल्यावर सोडवले, पानं अर्धी कापली, कडेचे तरुण तुकडे ठेवले, मधला म्हातारा टाकला.

आणि घरात मांजर असेल तर तुकडे लगेच उचला, गड्डा विषारी असतो. आमची कापलेल्या पातीला तोंड लावायला आलीच होती.

*

आज सकाळी माझी पहिली कळी. काल संध्याकाळी गुंडाळलेल्या छत्रीसारखी घट्ट होती. आता तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली सांडलेल्या. त्याच दांड्यावर आणखी दोन कळ्या आहेत.